नोकरी हिंजवडीत, घर कुठे?

पुण्यात घर शोधणाऱ्या जोडप्याला एजंट दोन प्रश्न विचारतो: बजेट किती आणि ऑफिस कुठे. उत्तर ‘हिंजवडी’ असले की पुढची यादी ठरलेली असते. वाकड, बाणेर, बालेवाडी, सूस, पुनावळे, मारुंजी. काही रविवार सॅम्पल फ्लॅट बघण्यात जातात, मग टोकन दिले जाते आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर येते. हा सगळा निर्णय ज्या एका कल्पनेवर उभा असतो ती मात्र कुणी तपासून पाहत नाही. घर ऑफिसच्या जितके जवळ, तितके शहाणपणाचे, अशी ती कल्पना. भाड्याच्या घराबाबत ती बहुतांशी खरी आहे. विकतच्या घराबाबत ती पुष्कळदा खोटी ठरते, आणि तिची किंमत घरातली तीच माणसे मोजतात ज्यांचे ऑफिस हिंजवडीत नसते.

घर शहरात आणि काम शहराबाहेर हा पेच पुण्याला नवा नाही. सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. वाहन कोणतेही असो, माणूस रोजच्या येण्याजाण्यावर साधारण तासभर घालवतो. वाहनाचा वेग वाढला तरी त्याचा वेळ वाचत नाही, त्याचे शहर तेवढे पसरते. पेठांचे पुणे या हिशेबात चपखल बसत होते. शनिवारवाड्यापासून स्वारगेटला पायी जायला अर्ध्या तासाहून फारसा जास्त वेळ लागत नाही. मग कारखाने आले आणि ते गावाबाहेर गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये सांगली भागातल्या माळावर कारखाना काढला तेव्हा कामगारांची घरेही तिथेच उभी केली. त्यातून किर्लोस्करवाडी झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती स्वतःची वसाहत घेऊनच.

१९६०च्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यात आल्या तेव्हा पुणेकरांच्या आयुष्यात एक नवी गोष्ट रुजली: कंपनीची बस. सदाशिव पेठेत, डेक्कनवर, पुढे कोथरूडमध्ये राहणारा माणूस नाक्यावर उभा राहायचा आणि शिफ्टच्या वेळेला गेटात उतरायचा. या बसचे महत्त्व आज कमी लेखले जाते. नोकरी पिंपरीत लागली म्हणून त्या कुटुंबाला पेठ सोडावी लागली नाही. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, आईवडिलांचे डॉक्टर जिथल्या तिथे राहिले. अंतराचा भार कारखान्याने उचलला होता.

हिंजवडीने हा करार मोडला. मुळशी तालुक्यातल्या या गावाजवळ एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवले, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशा कंपन्यांनी तिथे मोठमोठी संकुले बांधली. लाखो माणसे रोज जिथे जातात ती जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिली. रेल्वे नव्हती, रस्ते मोजकेच होते. कंपन्यांनी बस चालवल्या, आजही चालवतात. पण परदेशी ग्राहकांच्या घड्याळावर चालणाऱ्या कामाला एका वेळेचा भोंगा नसतो. ज्याला जमले त्याने मोटार घेतली. प्रवासाचा प्रश्न एकेका कुटुंबाकडे सोपवला गेला, आणि कुटुंबांनी तो घर बदलून सोडवायचा प्रयत्न केला.

इथे मुंबई आणि पुणे यांच्यातला एक फरक लक्षात घ्यायला हवा. दादरला राहून ठाण्याकडे नोकरीला जाणाऱ्या माणसाला सकाळी लोकलमध्ये बसायला मिळते, कारण गर्दीचा लोंढा समोरून, दक्षिणेकडे येत असतो. उलट्या दिशेच्या प्रवासाचे हे बक्षीस. (ते ठाण्यापर्यंतच टिकते. तिथे ट्रान्सहार्बर मार्गाची गाडी पकडून ऐरोली-महापेकडे निघाले की पुन्हा लोंढ्यातच शिरावे लागते.) पुण्यातून हिंजवडीला जाणाऱ्याला हे बक्षीस मिळत नाही. शहरातून बाहेर जाणे हीच तिथे सकाळची मुख्य दिशा आहे. त्यामुळे ‘आपण शहराबाहेर जातो, रस्ता मोकळा असेल’ हा पहिल्या आठवड्यातला भाबडा अंदाज दुसऱ्या आठवड्यात संपतो.

आणि हिंजवडी म्हणजे एक जागा नव्हे. फेज १, फेज २, फेज ३ असा तो लांबट पसारा आहे. वाकडच्या उड्डाणपुलाजवळ फ्लॅट घेणाऱ्याला आपण आयटी पार्कच्या दारात राहतो असे वाटते. पण त्याचे ऑफिस माणच्या बाजूला, फेज ३ मध्ये असले तर अजून सात-आठ किलोमीटर जायचे असते, आणि तेही जिथे सगळे रस्ते एकमेकांत अडकतात त्या शिवाजी चौकाच्या भागातून. कोथरूडहून येणारा बाह्यवळण महामार्गाने पंधरा-सतरा किलोमीटर कापतो. नकाशावर हा फरक दुपटीचा दिसतो. सकाळी साडेनऊ वाजता मात्र दोघेही शेवटच्या त्याच पाच किलोमीटरमध्ये अडकलेले असतात. घर जवळ घेतल्याने कोंडीच्या आधीचा मोकळा रस्ता तेवढा कमी झाला. कोंडी दोघांनाही तेवढीच राहिली. जाहिरातीतली ‘हिंजवडीपासून दहा मिनिटे’ कोणत्या फेजपासून आणि किती वाजताची, हे विचारले पाहिजे.

किलोमीटरपेक्षा मोठा प्रश्न खात्रीचा आहे. रोज ठरावीक पन्नास मिनिटे लागणारा प्रवास माणूस आयुष्यात बसवून घेतो. कधी पंचवीस तर कधी नव्वद मिनिटे लागणारा प्रवास बसवता येत नाही. पाळणाघरातून मूल घ्यायचे असेल तर रोज नव्वदचाच हिशेब धरून निघावे लागते. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला आणि नवा प्रकल्प १२ ऑगस्ट २०२३ ला खुला झाला. मधले दहा महिने कोथरूड-बावधनहून हिंजवडीला जाणाऱ्यांचे वेळापत्रक त्या कामाच्या हाती होते. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० च्या जुलैत मेट्रोसाठी पाडला गेला आणि औंध-बाणेरकडे जाणाऱ्यांनी नव्या पुलाची वाट बघत पुढची अनेक वर्षे काढली. पूल झाले की सुटका होईल ही आशाही पूर्ण खरी नसते. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच दाखवले होते की गर्दीच्या वेळेचा रस्ता रुंद झाला की आधी दुसऱ्या रस्त्याने जाणारे, वेळ बदलून जाणारे आणि बस-रेल्वेने जाणारे असे सगळे तिथे परततात आणि कोंडी पुन्हा जुन्या पातळीला येते.

माणसे हे सगळे माहीत असूनही चुकीचा निर्णय का घेतात? ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुत्सर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या पाहण्यांवरून हा प्रश्न तपासला. त्यांचा लेख २००८ मध्ये आला. सरळ तर्क असा की लांब राहणाऱ्याला मोठे घर, कमी भाडे किंवा जास्त पगार मिळत असेल, म्हणजे फिटंफाट व्हायला हवी. प्रत्यक्षात लांबचा प्रवास करणारी माणसे आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळली. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या नऊशेहून अधिक नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तपशील विचारला होता. दिवसभराच्या कामांत सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत नावडता निघाला. तिसऱ्या बेडरूमची सवय सहा महिन्यांत होते आणि तिचा आनंद ओसरतो. कोंडीची सवय होत नाही, कारण ती रोज वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणाने भेटते.

इथवरचा युक्तिवाद ‘मग ऑफिसजवळच राहा’ असेच सांगतो, असे कुणालाही वाटेल. पण तो एका माणसाच्या प्रवासाचा युक्तिवाद आहे. घरात तेवढा एकच प्रवास नसतो.

पुण्याचे आयटी दोन टोकांना आहे. पश्चिमेला हिंजवडी, पूर्वेला खराडी आणि मगरपट्टा. दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्यात एकाचे ऑफिस एका टोकाला आणि दुसऱ्याचे दुसऱ्या टोकाला असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. नवऱ्याच्या हिंजवडीजवळ घर घेतले की बायकोच्या वाट्याला खराडीचा, म्हणजे अख्खे शहर ओलांडण्याचा प्रवास येतो. वर्षभरात मूल होते, किंवा मुलाची शाळा सुरू होते, आणि मग ‘तुझे ऑफिस लांब आहे, तूच काही दिवस सोड’ हे वाक्य निर्णयासारखे न वाटता सोयीसारखे येते. घर निवडताना जो प्रवास मोजला गेला नाही तोच पुढे परवडेनासा होतो, आणि तो बहुतेक वेळा स्त्रीचा असतो. शिक्षिका, बँकेतली अधिकारी, ससूनमध्ये काम करणारी डॉक्टर, लक्ष्मी रोडवर दुकान असलेली स्त्री, यांपैकी कुणाचेच काम हिंजवडीत नसते. या एका कारणासाठी तरी घराची चर्चा नकाशावर एक टाचणी टोचून सुरू करणे थांबले पाहिजे.

मग आईवडील. कोथरूड किंवा सहकारनगरमध्ये राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाचे जग चालत जाण्याएवढे असते: भाजीवाला, बँक, ग्रंथालय, ओळखीचे डॉक्टर, संध्याकाळचा बाकावरचा कट्टा. त्याला वाकडच्या चौदाव्या मजल्यावर नेले की लिफ्ट आहे, बाग आहे, पण सोसायटीच्या फाटकाबाहेर पायी जाण्यासारखे काही नाही. मुलांना यातले काही खटकत नाही, कारण त्यांचा दिवस ऑफिसात जातो. नव्या उपनगरांतल्या पाण्याची कथा वेगळीच. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. पण हद्द वाढली म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि ऑफिसजवळच्या स्वस्त घराची किंमत हळूहळू वाढत राहते.

आता पैशांचा हिशेब. कोथरूडहून मोटारीने हिंजवडीला जाणारा महिन्याला बावीस दिवस, रोज चौतीस किलोमीटर चालवतो असे धरू. लिटरला चौदा किलोमीटर धरले तर ते सुमारे त्रेपन्न लिटर पेट्रोल, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या आसपास. वेळेचा हिशेब यापेक्षा जड आहे. कोथरूडहून सव्वा तास आणि वाकडहून पंचवीस मिनिटे धरली, म्हणजे फेज १ मधल्या ऑफिसचे चांगले दिवस धरले, तर फरक रोज शंभर मिनिटांचा, महिन्याला जवळजवळ सदतीस तासांचा. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जायचे असेल तर तो बावीस तासांच्या आत येतो. हे तास कुणाचेही आयुष्य बदलतील इतके आहेत, आणि म्हणूनच भाड्याने राहणाऱ्याने ऑफिसजवळ राहावे. नोकरी बदलली तर अनामत परत घ्यायची, टेम्पो बोलवायचा, नवा अकरा महिन्यांचा करार करायचा. त्रास आहे, पण तो एका महिन्याचा.

विकतच्या घराचे तसे नाही. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि वर ३० हजार नोंदणी शुल्क लागते. दलाली, अंतर्गत सजावट, कर्जाचे कागद हे आणखी वेगळे. घर विकून दुसरे घ्यायचे तर हे सगळे पुन्हा. एवढा खर्च करून केलेल्या निर्णयाचा पाया कोणता, तर एक नोकरी. आयटीतला माणूस वीस वर्षांत एकाच कंपनीत, त्याच फेजमध्ये राहील हे त्याला स्वतःलाही खरे वाटत नाही. कंपनीच जागा बदलते, प्रोजेक्ट खराडीला जातो, घरून काम सुरू होते आणि पुन्हा बंद होते. जी गोष्ट तीन-चार वर्षांत बदलू शकते तिच्यावर वीस वर्षांची गोष्ट टांगणे हा चुकीचा हिशेब आहे.

मग विकतचे घर कुठे घ्यावे? धावत्या मार्गावर. अशा ठिकाणी, जिथून दोन-तीन दिशांना विश्वासाने जाता येते आणि घरातल्या प्रत्येकाला स्वतःचे वाहन न काढता निघता येते. याचा सर्वांत चांगला पुरावा मुंबईच्या खाडीपलीकडे आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर नव्या मुंबईची कल्पना मांडली, १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. घरे आणि नोकऱ्या दोन्ही खाडीपलीकडे जातील असा आराखडा होता. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिले. वाशीत घर घेतलेल्यांची नोकरी मुंबईतच राहिली. १९९२ मध्ये मानखुर्दहून रेल्वे वाशीला पोहोचली तेव्हा त्यांचे जाणेयेणे सुसह्य झाले. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या जागी आयटी संकुले उभी राहिली, २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्ग सुरू झाला, आणि आता मुंबईतली माणसे सकाळी नव्या मुंबईकडे येतात. नोकऱ्यांनी दिशा बदलली, पण स्टेशनजवळच्या घराला त्याचा फटका बसला नाही. वडील फोर्टमध्ये आणि मुलगी ऐरोलीत कामाला असली, तरी वाशीतले ते एकच घर दोघांच्याही कामी आले.

पुण्यात असा मार्ग आता कुठे तयार होतो आहे. मार्च २०२२ मध्ये मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट जोडले गेले, पूर्वेला गाडी रामवाडीपर्यंत जाते. हिंजवडीसाठीची तिसरी मार्गिका माणच्या मेगापोलिसपासून वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ अशी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापर्यंत २३ किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची आहे आणि तिथे आधीच्या दोन्ही मार्गांना मिळते. ती धावू लागली की स्वारगेटला राहून हिंजवडीत, किंवा वाकडला राहून शिवाजीनगरला काम करणे सारखेच शक्य होईल. पण याच मार्गिकेने खरेदीदारांना एक धडाही दिला आहे. तिचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि २०२५ संपेपर्यंत तिच्यावर प्रवासी सेवा सुरू झाली नव्हती. ‘मेट्रो येते आहे’ या भरवशावर २०१९ मध्ये ज्याने बाणेरला घर घेतले त्याने कर्जाची पहिली सहा-सात वर्षे खांबांखालच्या कोंडीत काढली. वीतभरही पुढे न गेलेल्या मार्गाच्या नावाने बिल्डर जास्तीची किंमत मागतात, आणि ती कुणी देऊ नये. घर घ्यावे ते आज जी गाडी किंवा बस धावते आहे तिच्या हिशेबाने. येणारी मेट्रो ही वरकमाई समजावी.

याचा अर्थ अनेकांसाठी असा होतो की नोकरी हिंजवडीत असली तरी विकतचे घर शहराच्या आतच, शिवाजीनगर, खडकी, औंध, कोथरूड, स्वारगेट अशा भागात, आकाराने लहान का असेना, घ्यावे. आणि ते परवडत नाही तोवर ऑफिसजवळ भाड्याने राहावे. या सल्ल्यावर नेहमीचा आक्षेप येतो: भाडे म्हणजे वाया गेलेले पैसे, आणि थांबलो तर किमती हाताबाहेर जातील. यातली भीती खरी आहे आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात ती पिढ्यांची आहे. पण कर्जाच्या पहिल्या वर्षांतले हप्ते मुख्यतः व्याजच फेडतात, हेही तितकेच खरे आहे. भाड्याच्या दोन-तीन वर्षांत एक मोठी गोष्ट कळते: आपले कुटुंब प्रत्यक्षात कुठे कुठे जाते. ही माहिती हातात नसताना ऐंशी लाखांचा निर्णय घेणे जास्त महागात पडते.

मगरपट्ट्याचा दाखला अनेकदा दिला जातो, आणि तो दिलाच पाहिजे. सतीश मगर यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली जमीन बिल्डरला न विकता एकत्र करून तिथे घरे, ऑफिसे, शाळा आणि रुग्णालय एका आवारात उभे केले. कामावर चालत जाता येईल अशी वस्ती पुण्यात होऊ शकते हे त्यांनी सिद्ध केले. हिंजवडीच्या नियोजनात सरकारने हेच केले नाही. कंपन्यांना जमीन दिली, घरांचा आणि वाहतुकीचा विचार नंतरसाठी ठेवला, आणि तो ‘नंतर’ वीस वर्षे लांबला. त्यामुळे सगळा दोष घर घेणाऱ्याच्या अडाणीपणावर टाकणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात राहून सिलिकॉन व्हॅलीत काम करणाऱ्यांसाठी मोठ्या कंपन्या स्वतःच्या बस चालवतात. २०१३ मध्ये शहरातल्या भाडेकरूंनी त्या अडवल्या, कारण थांब्यांच्या आसपास भाडी वाढत होती. नोकऱ्या एकीकडे आणि घरे दुसरीकडे ठेवण्याच्या ज्या चुकीवरून तिथे रस्त्यावर भांडण झाले, तीच चूक पुण्यात एकेक कुटुंब मुकाट्याने घरात सोसते.

कंपन्यांची जबाबदारी मात्र कायद्याने एका ठिकाणी आधीच मान्य केलेली आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला काम द्यायचे असेल तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. म्हणजे कामावरून घरी पोहोचणे हा कामाचाच भाग आहे हे तत्त्व राज्याला अपरिचित नाही. ते दिवसाच्या नोकरीलाही थोडे लागू करायला काय हरकत आहे? ऑफिस हिंजवडीहून खराडीला हलवायचे तर किमान वर्षभर आधी लेखी सूचना द्यावी. शेजारशेजारच्या कंपन्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या अर्ध्या रिकाम्या बस चालवण्याऐवजी फेज २ आणि फेज ३ मध्ये सामाईक बस चालवाव्यात, आणि मेट्रोच्या स्थानकांपासून ऑफिसच्या दारापर्यंत त्या दर काही मिनिटांनी सुटाव्यात. पीएमपीच्या बसमार्गांचे नियोजन करताना कर्मचारी कोणत्या भागांतून येतात याची माहिती कंपन्यांनी दरवर्षी द्यावी. ती त्यांच्याकडे पत्त्यासकट असतेच.